माथ्यावरचे रान

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काही तरी इतिहासाचे लिहा" असा निरोप चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा प्रथम आठवले ते अंबरनाथचे शिवमंदिर. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेले ते देऊळ आपल्या दाराशीच आहे. परंतु त्याच्याविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले-वाचले आहे. म्हणून म्हटले, यंदा नजर थोडी दूर टाकावी.

पावसाळा सरून आकाश निवळले, की आपल्या जांभूळ गावाच्या मोकळ्या रानात उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. मलंगगड, चंदेरी, पेब अशी डोंगरांची रांग दिसते. त्याच रांगेच्या शेवटी माथेरान आहे. मग तोंड पूर्वेकडे वळवावे. तिकडे सह्याद्रीच्या मुख्य भिंतीला लागून सिद्धगड उभा आहे. या दोन डोंगरांचा एकमेकांशी काय संबंध, ते पुढे सांगते. तूर्त माथेरानकडे वळू.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 फूट उंचीवरचे हे पठार दाट झाडीने झाकलेले आहे. हिरडा, बेहडा, अंजन यांच्या जोडीने तिथे जांभळीची झाडे फार. आपल्या गावाचे नावच जांभूळ, त्यामुळे तिथल्या वाटेवर पडलेला जांभळांचा सडा पाहून आम्हा बायकांना माहेरी आल्यासारखे वाटले. हल्ली आपले गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते बारवीचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रामुळे. पण नाव मात्र झाडाचेच आहे, हे विसरू नये.

माथेरानचा इतिहास सांगताना पुस्तके आरंभ करतात ती 1850 च्या मे महिन्यापासून. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम तेव्हा पायथ्याच्या चौक गावी होता. त्या वेळी कर्जतचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, म्हणजे माथेरान एका अर्थी आपल्याच जिल्ह्यातले. साहेबांनी डोंगर पाहिला, चौकच्या पाटलाला बरोबर घेतले आणि आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने ते वर चढले. वरची गर्द सावली व थंड वारा पाहून ते खूष झाले, पुन्हा आले, आणि तिथे घर बांधून राहण्याची कल्पना रुजली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी हे ठिकाण मनावर घेतले. आगगाडी 1854 मध्ये कल्याणला आली होतीच; 1856 मध्ये ती नेरळवरून पुढे खोपोलीच्या बाजूस गेली आणि मुंबईचा उकाडा सोडून वर जाणे सोपे झाले. बंगले उठले, बाजार बसला, 1905 मध्ये नगरपालिका झाली.

या सर्व हकिकतीला "माथेरानचा शोध" असे नाव आहे. शाळेत असताना मीही तसेच पाठ केले होते. परंतु भगिनींनो, साहेबांबरोबर जो पाटील चढला, त्याला वाट ठाऊक होती म्हणूनच ना तो चढला? डोंगराच्या कुशीत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या होत्या, धनगर गुरे घेऊन वर जात. लाकूडफाटा, मध, हिरडे, जांभळे यांच्यासाठी बायकामुलांचे पाय त्या वाटांवर कैक पिढ्या पडत होते. 1871 मध्ये जे. वाय. स्मिथ या डॉक्टरांनी माथेरानवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावात त्यांनी डोंगराची माणसे, वनस्पती आणि प्राणी असे तिन्ही शब्द घातले आहेत. माणसांना त्यांनी पहिले स्थान दिले, ही गोष्ट चांगली झाली. ज्या डोंगरावर आधीपासून माणसे होती, तो सापडला असे म्हणण्यापेक्षा साहेबांना तो दाखवला गेला, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

तिथल्या जागांची नावे मात्र बहुतेक साहेबी राहिली. पॅनोरमा, लुईझा, एको, अलेक्झांडर, गारबट, पोर्क्युपाईन असे तीसांहून अधिक पॉइंट आहेत. पोर्क्युपाईन म्हणजे आपले साळिंदर. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाची भिंत दिसते. एको पॉइंटवर हाक मारली की दरी परत हाक देते. आमच्यातल्या एका आजीबाईंनी तिथे नातवाच्या नावाने अशी आरोळी ठोकली, की पोराटोरांनी टाळ्या वाजवल्या. शार्लट तळ्याने गावाची तहान भागवली. त्या तळ्याच्या काठी पिसरनाथाचे जुने देऊळ आहे. हा माथेरानचा ग्रामदेव. तळ्याला साहेबी नाव मिळाले, तरी देव आपल्या जुन्या नावानेच राहिला आहे. जाणाऱ्याने तिथे अवश्य जावे. पॉइंटवरच्या गर्दीपेक्षा तिथली शांतता अधिक लक्षात राहते.

आता गाडीविषयी. नेरळहून वर जाणारी ही चिमुकली गाडी मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केले व 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च 16 लाख रुपये, रुळांमधले अंतर अवघे 2 फूट, लांबी सुमारे 21 किलोमीटर. चढ इतका, की काही ठिकाणी 20 फूट पुढे जावे तेव्हा गाडी 1 फूट वर चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्थानके घेत, सापासारखी वळणे घालीत ती जाते. सुरुवातीच्या अनेक दशकांत वाफेची इंजिने होती, आता डिझेलची आहेत. 2005 च्या 26 जुलैच्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला. तो सुरू व्हायला 2007 साल उजाडले. 2019 च्या पावसाने पुन्हा तेच केले, आणि नेरळहून थेट गाडी 2022 च्या ऑक्टोबरात परत निघाली. पीरभॉय पितापुत्रांचे नाव योग्यच आहे. पण ज्यांनी उन्हातान्हात तो कातळ फोडला आणि जे दरवर्षी दरडी उपसतात, त्यांच्या हातांचीही आठवण गाडीत बसल्यावर ठेवावी.

माथेरानची सर्वांत मोठी मौज म्हणजे तिथे मोटार नाही. दस्तुरी नाक्यावर सर्व वाहने थांबतात. तिथून पुढे पायी किंवा घोड्यावर; पूर्वी माणसाने ओढायच्या रिक्षातूनही जात. 2003 मध्ये केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे ती झाडी व ती शांतता टिकण्यास बळ मिळाले. मोटारीच्या भोंग्यावाचूनची सकाळ कशी असते, हे बदलापूर-अंबरनाथच्या रस्त्यांवर राहणाऱ्या आपल्याला वर गेल्याशिवाय कळायचे नाही.

परंतु या शांततेची किंमत कोण देतो, हे मला काही वर्षांपूर्वी तिथे उमगले. आम्ही सातआठ जणी गेलो होतो. आमच्यातल्या एका आक्कांचे गुडघे धरलेले. दस्तुरीला उतरल्यावर आम्ही त्यांच्यासाठी हातरिक्षा ठरवली. एक पुढे ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. आक्का रिक्षापाशी गेल्या आणि थबकल्या. म्हणाल्या, "माणसाने माणसाला ओढायचं? मी नाही बसायची. मी बसत बसत येईन." आम्हाला त्यांचा अभिमान वाटला. तेवढ्यात पुढचा रिक्षावाला, असेल पन्नाशीचा, शांतपणे म्हणाला, "बसा मावशी. तुम्ही चालत गेलात तर आमच्या घरी आज चूल कशावर पेटायची?"

आक्का काही बोलल्या नाहीत, बसल्या. पण चढ लागला की उतरत आणि रिक्षाच्या दांडीला धरून त्यांच्याबरोबर हळूहळू चालत. वाटेत त्यांनी त्या तिघांची घरची विचारपूस केली. मुलगी बारावीला आहे हे कळल्यावर आपल्या पिशवीतले लाडू तिच्यासाठी काढून दिले. त्या दिवशी आम्ही पाहिलेल्या पॉइंटांची नावे मी आता विसरले, पण ते चौघे चालताना अजून डोळ्यांपुढे आहेत.

पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश राज्य शासनास दिला. त्याआधीच, 2022 च्या अखेरीस, विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग तिथे सुरू झाला होता. आदेशाची बातमी वाचून मी आक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. पण त्या तिघांना नवी रिक्षा मिळाली का, ते कळल्यावर मला सांग." न्यायालयाच्या आदेशाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे त्यांच्या एका वाक्यात आले.

आता सुरुवातीला सांगितलेल्या दोन डोंगरांच्या संबंधाकडे येते.

या गावातल्या सेवा करणाऱ्या माणसांपैकीच एका नाभिक कुटुंबात, माथेरान येथे, 1 डिसेंबर 1912 रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. हेच आपले हुतात्मा भाई कोतवाल. बंगल्यांत उतरणाऱ्यांची सेवा करून पोट भरणाऱ्या समाजातला हा मुलगा शिकला, वकील झाला. वकिली करून पैसा जोडणे त्याला अवघड नव्हते. पण भाईंनी पायथ्याच्या गावांत शाळा काढल्या, शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून धान्यकोठीची योजना केली. ज्या नगरपालिकेच्या गावात पाहुण्यांचा मान मोठा, त्याच नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले.

1942 च्या 'चले जाव' चळवळीत भाई भूमिगत झाले. त्यांनी शेतकरी व आदिवासी तरुणांना घेऊन आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्याने पाडले, तेव्हा गिरण्या व रेल्वे यांना त्याची झळ पोचली. सरकार मागावर होते. दस्ता रानावनांतून फिरत, गावकऱ्यांच्या भाकरीवर जगत सिद्धगडापर्यंत आला. त्या भाकऱ्या कोणी भाजल्या, त्या बायकांची नावे कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाहीत. पकडले गेल्यास घरादारावर काय येईल, हे त्यांना ठाऊक असणारच.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल व त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाईंचे वय तेव्हा तिशीच्या वर जेमतेम महिनाभर होते. दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडावर त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात.

आपल्या गावाहून दक्षिणेला दिसतो त्या डोंगरावर ते जन्मले आणि पूर्वेला दिसतो त्या डोंगरावर त्यांनी देह ठेवला. मधला सारा मुलूख आपला. म्हणून मला वाटते, माथेरानला जाऊन नुसते पॉइंट पाहून येणे हे अर्धेच पाहणे आहे.

जाणाऱ्या भगिनींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. बदलापूरहून वांगणी, शेलू आणि मग नेरळ, इतकाच लोकलचा प्रवास. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. वरचा अमन लॉज ते माथेरान टप्पा तेवढा चालतो. पायांत चांगले बूट असावेत, तिथली तांबडी माती साडीचा काठ रंगवल्याशिवाय सोडत नाही. खाण्याची पिशवी उघडी धरू नये, माकडे फार धीट आहेत. प्लास्टिकचा कचरा वर टाकू नये, तो खाली परत आणावा. चिक्की व चपला बाजारात मिळतातच, पण वाटेवर टोपलीत करवंदे-जांभळे घेऊन बसलेल्या ठाकूर-कातकरी बायकांकडून काही घ्यावे, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

शेवटी एक सूचना. येत्या वर्षी मंडळाची सहल माथेरानला काढावी. पॅनोरमा पॉइंटवर सकाळी लवकर जावे. तिथून खाली उल्हास नदीचे खोरे पसरलेले दिसते आणि उत्तरेकडे आपला मुलूख. तिथे उभे राहून आपले गाव कुठे असेल ते शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडेल. आणि त्यानंतरच्या 2 जानेवारीला, ज्यांना झेपेल त्यांनी सिद्धगडाच्या बाजूस जावे. आक्कांनी आताच सांगून ठेवले आहे, की त्या गड चढणार नाहीत, पण सर्वांच्या भाकऱ्या त्या भाजून देतील.