एकाच रानात सत्तर वर्षं

साल १९३६, जुलै महिना. तुम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहात. पावसाने पाठ फिरवली आहे आणि भर दुपारी मक्याची पानं सुरळी होऊन वळली आहेत. ताटांमधून सहज चालता येतं, कारण पेरा विरळ आहे, हेक्टरी जेमतेम तीस हजार ताटं. शेजारच्या पट्ट्यात संकरित मका आहे. इथे तो अजून नवाच, पण या उन्हातही तग धरून आहे. बांधावर थांबलेला शेतकरी पुढच्या हंगामाचं बियाणं बहुधा आत्ताच ठरवतोय.

आता १९५१ मध्ये या. डोनाल्ड डुव्हिक नुकतेच पायोनियर या बियाणे कंपनीत रुजू झाले आहेत. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे पराग सांडण्याआधी हाताने उपटावे लागतात. तुम्हीही हात लावून बघा. पानांच्या कडा कोपरापर्यंत ओरखडे काढतात, तुरा कट्‌कन निघतो, की लगेच पुढचं ताट. ही मजुरी वाचावी म्हणून परागच न धरणाऱ्या नरवंध्य मक्यावर डुव्हिक काम करतात. सोय इतकी मोठी की बहुतेक सगळा देश ही नरवंध्यता आणणाऱ्या एकाच पेशीद्रव्यावर विसंबतो, आणि १९७० मध्ये नेमका त्यालाच करपा गाठतो. देशाचं सुमारे १५ टक्के पीक जातं. पुढच्या उन्हाळ्यात तुरे उपटायला पुन्हा माणसं लागतात.

त्यानंतरचं रान मात्र सावकाश बघा. विसाव्या शतकाची अखेर, आयोवातलंच गाव जॉन्स्टन. १९३० च्या दशकापासूनचे गाजलेले वाण डुव्हिक यांनी शेजारी शेजारी पेरले आहेत. दाट पेऱ्यात, हेक्टरी ७९ हजार ताटांत शिरा. जुना वाण लोळलाय, त्याचा तुरा जाडजूड आहे आणि कितीतरी ताटांनी कणीसच धरलेलं नाही. नव्या वाणाची पानं उभी, तुरा लहान, आणि पराग झडतोय तोवर कणसाचे केसही बाहेर आलेले. प्रत्येक ताटाला कणीस आहे.

मग दहा हजारांच्या विरळ पेऱ्यात जा आणि जुन्या-नव्या ताटाचं कणीस सोलून बघा. एका ताटामागे येणारं धान्य जवळपास तेवढंच! नवं ताट एकटं असताना फार जास्त देत नाही. ते गर्दीत, ताणात, कमी पाण्यात कणीस सोडत नाही, इतकंच. सत्तर वर्षांची कमाई ती हीच. तुरा लहान करायचा असं कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. अनेक गावांत, बऱ्यावाईट हंगामांत पैदासकार वाण तपासत आणि टाकून देत राहिले, त्यातून तो लहान झाला.

या पैदासकारांची नावं बियाण्याच्या पिशवीवर नसतात. म्हणून डुव्हिक यांचा मोठेपणा मला या प्लॉटमध्ये दिसतो. उत्पादनवाढीचा निम्मा किंवा थोडा अधिक वाटा वाणांचा, बाकी खतांचा, तणनियंत्रणाचा आणि शेतकऱ्याच्या मशागतीचा, असं कंपनीतल्या माणसाने स्वच्छ लिहिलं. हा हिशेब कपाटात ठेवता आला असता. त्यांनी तो १९७७ पासून शोधनिबंधांतून मांडला, प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही वाचता येईल असा, आणि पुढे इतर संशोधकांनीही जुने-नवे वाण एकाच रानात पेरून बघितले.