सिकलसेलची औषधे : पट्टीवरची तांबडी रेघ आणि 'कॅन्सरची गोळी'

खापा, सावनेर, पारशिवनी या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कोणाला नव्याने सांगावा लागत नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले होते. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. कारण जातीत शोधू नये. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांमध्ये हा जनुक टिकून राहिला, कारण वाहकांना मलेरियाच्या गंभीर रूपापासून काहीसे संरक्षण मिळते. हा आजार ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि आफ्रिकेतही आहे.

एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा औषध लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण, त्याला आयुष्यभर औषध लागते. आई-वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. इतकी माहिती आता बहुतेक कार्यकर्त्यांना आहे. औषधांबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही, आणि घात तिथेच होतो.

मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरिया. त्याची पट्टी घरी आली की शिकलेला मुलगा मोबाईलवर नाव शोधतो, 'कॅन्सरचे औषध' असे दिसते आणि घरात रडारड होते. काही जण तिथेच गोळी बंद करतात. खरी गोष्ट अशी की हे औषध रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात, आणि सिकलसेलमध्येही वापरतात. सिकलसेलमध्ये त्याचे काम वेगळे आहे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते या औषधाने पुन्हा वाढते. ते वाढले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाले. नागपूरच्या मेडिकलमधील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतका कमी डोस देऊन पाहिला. झटके, रक्त चढवणे आणि दवाखान्यात भरती होणे, तिन्ही कमी झाले.

फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत दुखणे थांबले नाही म्हणून गोळी सोडू नये. एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

औषध जोरदार आहे, म्हणून इशारेही खरे आहेत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. त्यासाठी सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी ही रक्ततपासणी करावी लागते. प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टर औषध काही काळ थांबवतात आणि आकडे सुधारले की पुन्हा सुरू करतात. तपासणी न करता वर्षभर गोळी खाणे चुकीचे, आणि तपासणीचा कंटाळा आला म्हणून गोळी बंद करणेही चुकीचेच. नखे व कातडी काळसर होणे, मळमळ, तोंडात छाले हे परिणाम दिसू शकतात. नखे काळी झाली म्हणजे विष चढले, असे नव्हे. डॉक्टरांना दाखवावे.

कॅप्सूल घरी फोडून अर्धी करू नये. लहान मुलाचा डोस कसा बसवायचा हे डॉक्टर ठरवतात. गरोदर बाईने त्यातल्या भुकटीला हात लावू नये, आणि गोळी देणाऱ्याने हात धुवावेत. ज्या स्त्री-पुरुषांना मूल हवे आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भाला धोका असतो, पुरुषांत शुक्राणूही घटू शकतात. लग्न झालेल्या मुलीला हे सासरी सांगायला संकोच वाटतो, म्हणून ही गोष्ट दबून राहते.

आता त्या तांबड्या रेघेबद्दल. पट्टीच्या डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही आणि आपण मागायचेही नाही. दुखणे उठले की गावात पटकन 'ताकदीचे' किंवा 'दुखण्याचे' इंजेक्शन टोचून घेतात. त्यात स्टेरॉइड असेल तर तात्पुरते बरे वाटते, पण सिकलसेलमध्ये स्टेरॉइड थांबल्यावर झटका उलटून येऊ शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर ताण येतो, आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असते. इंजेक्शन देणाऱ्याला नाव विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

लोहाच्या गोळीचेही तसेच. रक्त कमी म्हटले की लोह, हा आपला ठरलेला हिशेब. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह आधीच साठलेले असू शकते. लोहाची कमतरता तपासणीत दिसली तरच लोह घ्यावे. फोलिक ॲसिड वेगळे, ते रुग्णांना सहसा रोज देतात. दोन्ही एकाच गोळीत मिसळलेली मिळतात, म्हणून पट्टीवरचे नाव वाचावे. पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस याबद्दल मेयोत, मेडिकलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.

काही लक्षणांत घरच्या गोळीवर थांबू नये. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे, धाप, अंगाची एक बाजू अचानक लुळी पडणे, लहान मुलाचे पोट डावीकडे फुगून चेहरा पांढरा पडणे. अशा वेळी खाप्याहून नागपूर गाठेपर्यंत सोबत असावी ती औषधांची वही : कोणते औषध, किती डोस, शेवटची सीबीसी कधी, कोणत्या औषधाची ॲलर्जी.

नव्या औषधांच्या बातम्या व्हॉट्सॲपवर फिरतात. व्होक्सेलोटर या औषधाकडून मोठी आशा होती. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतले, कारण धोका फायद्यापेक्षा जास्त दिसू लागला. जनुक-उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तिथे त्याची किंमत २० लाख डॉलरच्या वर आहे.

नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून हा प्रश्न वस्त्यांपर्यंत नेला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. खाप्यातल्या तरुणांनी विहारातल्या पुढच्या बैठकीला रुग्णांच्या घरच्यांना पट्ट्या आणि रिपोर्ट घेऊन बोलवावे. कोणाची सीबीसी राहिली आहे, कोणाची गोळी संपली आहे, हे तासाभरात कळते. औषधाने त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करता येते, रुग्ण स्वतःही करू शकतो.