ॲक्वाटिंट निसर्गदृश्य

जलरंगातील निसर्गचित्राची तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली प्रत. जलरंगाची पातळ, पसरट छटा नुसत्या कोरीव रेषांनी कागदावर उतरत नाही. ही अडचण सुटली ती १७६०च्या दशकात फ्रान्समध्ये झां-बातीस्त ल प्रँस याने विकसित केलेल्या तंत्रामुळे. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून तो तापवितात. कण पत्र्याला चिकटतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून आम्ल तांबे खाते. आकाशाची फिकट छटा पुरेशी उतरली की तो भाग व्हार्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात ठेवतात. जास्त खाल्लेला भाग गडद छापतो.

इंग्लंडमध्ये पॉल सँडबीने १७७५ मध्ये दक्षिण वेल्सची बारा दृश्ये अशी छापली. भारतापुरते सर्वांत मोलाचे काम टॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांचे. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’त (१७९५–१८०८) १४४ चित्रे असून वेरूळची लेणी जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून घेतली आहेत. छापील प्रतींत हाताने जलरंग भरीत. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रतींतही आभाळाचा निळा किंवा झाडांचा हिरवा रंग थोडा वेगळा पडे. या प्रतींचा खरा गोडवा त्यातच आहे.

जुनी प्रत घेताना ती भिंगाखाली अवश्य पाहावी. अस्सल ॲक्वाटिंटमध्ये पांढऱ्या कणांभोवती शाईची अनियमित जाळी दिसते. आधुनिक ऑफसेट प्रतीत रंगीत ठिपक्यांच्या नियमित ओळी दिसतात.