होडी शाकारण्याचे दिवस

युरोपात शिडाच्या होड्या हिवाळ्यात पाण्याबाहेर काढून ठेवतात. आपल्याकडे हिवाळ्यातच दर्या शांत; होडी काढायची ती मृगाआधी. अंधेरीजवळच्या वेसाव्यात हा रिवाज मी पाहत आलो आहे. १८४६ साली मुंबईत यॉट क्लब काढणाऱ्या साहेबांनाही तो पाळावा लागला. नैर्ऋत्य वाऱ्यापुढे साहेब काय आणि कोळी काय!

आता बघा, भरतीला होडी वर ओढायची, टेकू द्यायचे, तळ खरवडायचा. लाकडाला वादळाइतकीच भीती पोखरणाऱ्या समुद्री किड्याची. म्हणून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, तेल पाजायचे, वर छप्पर घालायचे. यालाच होडी शाकारणे म्हणतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की होडी पुन्हा पाण्यात. पुढे शिडाच्या जागी इंजिन आले, सागाच्या जागी फायबर. फायबरला किडा लागत नाही, पण इंजिन गंजतेच. १ जूनपासूनची मासेमारीबंदी सरकारने फार नंतर आणली. कोळ्यांचे पंचांग त्याहून जुने आहे.

या साऱ्याला मोकळा किनारा लागतो. तो बहुधा सरकारी, कोळ्याच्या सातबाऱ्यावर नसलेला. कोळीवाड्यांच्या सीमा आखताना घरांबरोबर होड्या शाकारायची आणि मासळी वाळवायची जागाही मोजा, ही कोळ्यांची मागणी त्यातूनच आली.