पाहिले कोणी?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिला नाही, लिहून ठेवला नाही, हा त्यांचा आधार. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून या विधानाचे खंडन केले. पण हा आक्षेप एकट्या मंत्र्यांचा नव्हे. कोरेगावसारख्या गावात तो प्रवचनानंतरच्या गप्पांत आणि महाविद्यालयाच्या वर्गातही ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

मुळात माणूस आजच्या माकडापासून झाला, असे उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच ते सांगते. राहिला साक्षीदाराचा प्रश्न. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. पाहणारा कोणी नसला तरी पंचनामा, ठसे आणि हत्यार यांवरून गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

'मग आपल्या मातीत ती हाडे का सापडत नाहीत?' असा पुढचा प्रश्न येतो. साताऱ्याचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्या वेळी मानवकुळाचा मागमूसही नव्हता. माणसाच्या खुणा शोधायच्या त्या या खडकावर नद्यांनी नंतर पसरलेल्या गाळात. नर्मदाकाठी मध्य प्रदेशातील हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो अशाच गाळात.

महाराष्ट्रात हाडांची उणीव हत्यारांनी भरून काढली आहे. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेसोबत दगडी हत्यारे सापडली. राखेचे वय कोणी चौदा लाख वर्षे काढले, कोणी पावणेसात लाख, तर कोणी अवघे पंचाहत्तर हजार. 'बघा, शास्त्रज्ञांतच एकवाक्यता नाही', असे संशयवादी म्हणतात. खरे आहे. पण हा वाद राखेचे नमुने तपासून, मोजून चालला. आणि ती हत्यारे माणसाच्या हातची आहेत, हे कोणत्याच पक्षाने नाकारले नाही. स्वतःचा निष्कर्ष पुन्हा तपासायला ठेवणे हे ज्ञानाचे वैगुण्य नव्हे, तीच त्याची रीत होय.

श्रद्धेला याची धास्ती वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते, त्याच नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. तेथील प्रवरेच्या गाळातील अश्मयुगीन हत्यारांमुळे 'नेवासियन' हे नाव पुरातत्त्वात रूढ झाले. म्हणून वारकऱ्यांनी नेवाशाला जाणे सोडले नाही.

चिंता आहे ती निराळीच. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. दहावीनंतर कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांची या विषयाशी बहुधा तेवढीच गाठ पडते. पुरावा न पाहताच त्यांनी निवाडा द्यायचा काय?