निकाल आधी, सुनावणी नंतर

शब्बाथ, काम वर्ज्य असलेला दिवस. गालील. सभास्थानात हात वाळलेला एक माणूस बसला आहे. येशू सगळ्यांदेखत त्याचा हात बरा करतो. परूशी बाहेर पडतात आणि हेरोदाच्या माणसांशी खलबत करतात: याचा काटा कसा काढायचा?

मंडपांचा सण, यरुशलेम. त्याला धरायला गेलेले शिपाई हात हलवत परततात. यहुदी पुढाऱ्यांच्या सभेतला निकदेम विचारतो, म्हणणे ऐकल्याशिवाय माणूस दोषी कसा ठरतो? त्यालाच टोमणा मारून गप्प बसवतात.

वल्हांडणाच्या सणाआधी. तीनेक किलोमीटरवरच्या बेथानीत लाजर कबरेतून बाहेर आल्याची वार्ता पोचते. लोक येशूच्या मागे गेले तर रोमन येऊन मंदिरही घेतील, ही सभेची धास्ती. महायाजक कयफा हिशेब मांडतो: राष्ट्रापेक्षा एकाचा जीव स्वस्त.

सणाला दोन दिवस. धरायचे ठरते, पण सणात नको; लोक दंगा करतील. मग येशूचाच शिष्य यहूदा इस्कर्योत आपणहून येतो. सौदा चांदीच्या 30 नाण्यांचा. सणाची अट मागे पडते.

गुरुवार, रात्र. गेथशेमाने. येशू तीन शिष्यांना जागे राहायला सांगतो. तीनदा येऊन पाहतो. तिन्ही वेळा ते झोपलेले. मशाली येतात. झटापटीत महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान तुटतो. येशू तो बरा करतो. शिपाई त्यालाच बांधून नेतात.

मध्यरात्रीनंतर. आधी माजी महायाजक हन्ना, मग त्याचा जावई कयफा. साक्षीदार पुष्कळ, पण त्यांच्या साक्षी जुळत नाहीत. शेवटी आरोप ठरतो देवनिंदेचा. अंगणात शेकोटीपाशी शिष्य पेत्र तिसऱ्यांदा येशूची ओळख नाकारतो. कोंबडा आरवतो.

शुक्रवार, पहाट. रोमन सुभेदार पिलाताचा वाडा. विटाळ होऊन वल्हांडणाचे भोजन चुकेल म्हणून पुढारी उंबरठा ओलांडत नाहीत. बाहेरूनच आरोप बदलतात: हा कैसराला कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. पिलाताला दोष सापडत नाही. या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, असा पत्नीचा निरोप येतो. तो हात धुतो. येशूऐवजी कैदी बरब्बा सुटतो.

9 वाजता. मार्काच्या शुभवर्तमानातल्या नोंदीनुसार, येशूला क्रुसावर खिळतात.

12 वाजता. अंधार पडतो.

3 वाजता. मृत्यू.

निकदेमाच्या प्रश्नाला सभेने उत्तर दिले नाही. मरण आधी ठरले, साक्षीदार मग शोधले, आरोप शेवटी बेतला. कयफा इ.स. 36च्या सुमारापर्यंत महायाजक राहिला.