शंभर मैलांचा पल्ला : एका घोडदौडीचा आणि तिच्या संस्थेचा इतिहास

मराठी वाचकाला घोड्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. भीमथडी तट्टू, बारगीर आणि शिलेदार, पागा आणि चंदी हे शब्द बखरींतून आणि पोवाड्यांतून त्याच्या कानांवर पडलेले असतात. १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाला जेरीस आणले ते हलक्या फौजेच्या वेगवान चालींनी, हेही त्याला ठाऊक असते. परंतु दौडीची ही वर्णने वाचताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. घोडा मैलोगणती चालतो तो केवळ आपल्या रक्ताच्या गुणाने किंवा स्वाराच्या हिमतीने चालत नाही. त्याच्यामागे दाणा, पाणी, नाल आणि विसावा यांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था उभी असावी लागते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. स्वारांच्या मोजणीबरोबरच पाणी वाहणाऱ्याची आणि नाल ठोकणाऱ्याचीही मोजणी झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चिपळूण भागातील छावणीस शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या सुप्रसिद्ध पत्रातही हीच दृष्टी आढळते. दाणावैरण आजच उधळून टाकाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे.

राजसत्तेच्या पागेत ही व्यवस्था हुकमाने चाले. पण जेथे राजा नाही, वेतनावरचा कारकून नाही, सगळेच हौसेने जमलेले आहेत, तेथे घोड्याच्या दमाचा हिशेब कोणी ठेवावा? आणि ऐन चुरशीच्या घटकेला स्वाराला ‘आता थांबा’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा खेळ गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांत वाढला, त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास होय.

या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, याचे दारुण उदाहरण १८९२ साली युरोपने पाहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रिया-हंगेरीचे आणि जर्मनीचे लष्करी अधिकारी व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन राजधान्यांमधील अंतर घोड्यावरून तोडण्याच्या ईर्ष्येने निघाले. ऑस्ट्रियन अधिकारी बर्लिनकडे आणि जर्मन अधिकारी व्हिएन्नाकडे, अशी ही उलटसुलट दौड होती. अंतर पावणेसहाशे किलोमीटरांच्या आसपास होते. काउंट विल्हेल्म श्टारहेमबर्ग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने ते सुमारे ७१ तासांत पार करून पहिला क्रमांक मिळविला, पण त्याचा घोडा त्या श्रमाने दगावला. इतरही अनेक घोडे वाटेत किंवा मुक्कामी पोहोचल्यावर मेले. विजय कोणाचा झाला हे घड्याळाने ठरविले. घोडा जिवंत राहील काय, हे पाहण्याचा भार नियमांनी कोणावर टाकलाच नव्हता. या स्पर्धेवर पुढे कडाडून टीका झाली.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत या विचारास निराळे वळण लागले. सैन्यासाठी कोणत्या वाणाचे घोडे उपयुक्त ठरतील, हे पाहण्याकरिता १९१९ साली व्हर्मांटमधील फोर्ट ईथन ॲलनपासून मॅसॅच्युसेट्समधील कँप डेव्हन्सपर्यंत पाच दिवसांची दौड ठेवण्यात आली. रोज सुमारे ६० मैल, म्हणजे एकूण तीनशे मैलांहून काहीसे अधिक अंतर आणि पाठीवर २०० पौंडांचे ओझे, अशी ती कसोटी होती. रामला नावाच्या अरबी घोडीने ती जिंकली. घोड्याची अवस्था पाहून गुण देण्याची पद्धत या कसोट्यांत रूढ झाली, ही तिच्याहून महत्त्वाची गोष्ट. याच व्हर्मांट राज्यात १९२६ साली ‘ग्रीन माउंटन हॉर्स असोसिएशन’ ही प्रादेशिक संस्था स्थापन झाली. डोंगरांतील घोडवाटा आखणे, त्यांवर खुणा करणे आणि त्या मोकळ्या ठेवणे हे तिने आपले काम मानले. १९३६ पासून तिने तीन दिवसांत शंभर मैलांची दौड सुरू केली. तीत वेळेची मर्यादा आधीच ठरलेली असे. लवकर पोहोचल्याने कोणाला अधिक मान मिळत नसे. घोडा कोणत्या स्थितीत पोहोचला यावर निर्णय होई. लष्कराची गरज संपली तरी लष्कराने घालून दिलेली परीक्षा एका नागरी संस्थेने अशा रीतीने जतन केली.

एका दिवसात शंभर मैल, या आजच्या प्रसिद्ध स्वरूपाचा आरंभ मात्र कॅलिफोर्नियातील ऑबर्न या गावी झाला. वेंडेल रोबी हे तेथील लाकडाचे व्यापारी आणि बचतपेढीचे चालक. जुन्या काळच्या घोड्यांसारखे दमदार घोडे आता राहिले नाहीत, हे मत त्यांना मान्य नव्हते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मोजक्या सोबत्यांसह ते ताहो सरोवराच्या परिसरातून निघाले आणि सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून जुन्या खाणकामगारांच्या वाटेने दिवसभरात ऑबर्नला पोहोचले. पुढे ही दौड दरवर्षी होऊ लागली. १९५९ साली टेव्हिस बंधूंनी आपले आजोबा लॉइड टेव्हिस यांच्या स्मरणार्थ चषक दिला, आणि तेव्हापासून ती ‘टेव्हिस कप’ या नावाने ओळखली जाते.

या दौडीची वाट सोपी नाही. पहाटे निघालेले स्वार बर्फाळ शिखरांच्या रांगा ओलांडून खोल दऱ्यांत उतरतात. दुपारी त्या दऱ्या तव्यासारख्या तापलेल्या असतात. शेवटचे टप्पे रात्री, चंद्राच्या उजेडात काटावे लागतात. म्हणूनच दौडीचा दिवस शक्य तो पौर्णिमेच्या आसपास धरण्याची प्रथा पडली. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात. २४ तासांच्या आत सुदृढ घोड्यासह जो पोहोचेल त्याला पट्ट्याचे चांदीचे बक्कल मिळते. १९६४ पासून ‘हॅगिन कप’ नावाचा दुसरा चषकही देण्यात येतो. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची अवस्था सर्वांत उत्तम असेल त्याला तो मिळतो. पहिला येणारा आणि उत्तम राहणारा यांचे मान वेगळे ठेवण्यातला शहाणपणा १८९२ च्या पार्श्वभूमीवर विशेष उठून दिसतो.

ऑबर्नच्या उदाहरणावरून इतरत्र अशा दौडी सुरू होताच नियमांची एकवाक्यता आवश्यक झाली. त्यातून १९७२ साली ‘अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स’ ही संस्था जन्मास आली. ‘पल्ला पुरा करणे हेच जिंकणे’ अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे. व्हर्जिनियातील ‘ओल्ड डोमिनियन’सारख्या शंभर मैलांच्या दौडी याच काळात उभ्या राहिल्या. मध्यवर्ती संस्था नियम करते आणि नोंदी ठेवते. प्रत्यक्ष दौड भरवायची असते स्थानिक मंडळींनी. पन्नास मैलांची दौड १२ तासांत आणि शंभर मैलांची २४ तासांत पुरी झाली पाहिजे. या अंतरांसाठी पाच वर्षांच्या आतील घोडा चालत नाही. नवशिक्यांसाठी २५ ते ३५ मैलांची लहान दौड असते.

अशा दौडीचा व्यवस्थापक होणे म्हणजे महिनोन्‌महिने घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणे होय. वाट सरकारी जंगलातून जात असेल तर वनखात्याची परवानगी काढावी लागते, खाजगी कुरणातून जात असेल तर मालकाची मनधरणी करावी लागते. एका मालकाने फाटक बंद केले तरी वर्षानुवर्षांची वाट तुटते. मग वाटेवरची पडलेली झाडे तोडणे, वळणावळणावर फितींच्या खुणा बांधणे, पाण्याच्या टाक्या पोहोचविणे, थकलेले घोडे परत आणण्यासाठी गाड्या ठेवणे, रात्रीच्या मुक्कामावर दिवे लावणे, वेळेची नोंद करणारी माणसे बसविणे अशी एक ना अनेक कामे पुढे उभी राहतात. हे सारे करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. दौडीच्या दिवशी त्यांच्यापैकी बहुतेक जण घोड्यावर नसतात.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे वाटेवरचे तपासणी-नाके. नाक्यावर घोडा पोहोचला की प्रथम त्याची नाडी मोजतात. ठरलेल्या वेळात ठोके मिनिटाला ६० किंवा ६४ पर्यंत खाली आले नाहीत तर घोड्याला पुढे जाता येत नाही. त्यानंतर पशुवैद्य मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती चटकन पूर्ववत न झाली तर अंगातले पाणी आटले आहे असे समजावे. हिरडीवर बोट दाबून रक्त किती लवकर परतते ते पाहतात, पोटाला नळी लावून आतड्यांचे आवाज ऐकतात, आणि शेवटी घोड्याला दुडकी चालीने पळवून तो लंगडत नाही ना याची खात्री करून घेतात. घामावाटे क्षार गेले की स्नायू आखडतात, आतडी मंदावतात आणि जनावर आतून खचते. वरून मात्र ते अजून धावायला उत्सुक दिसू शकते. स्वाराच्या मायेलाही अशा वेळी भूल पडते. म्हणून निर्णय त्याच्या हाती ठेवलेला नाही. पशुवैद्याने नाही म्हटले की तो शब्द अखेरचा. शंभराव्या मैलावरही ही तपासणी असते, आणि पुढे चालण्यास घोडा लायक नसेल तर संपूर्ण अंतर तोडूनही पल्ला पुरा झाल्याची नोंद होत नाही.

अमेरिकेबाहेर या कल्पनेने मूळ धरले ते ऑस्ट्रेलियात. १९६६ साली आर. एम. विल्यम्स यांच्या पुढाकाराने न्यू साउथ वेल्समध्ये शंभर मैलांची ‘टॉम क्विल्टी’ दौड सुरू झाली. सुवर्णचषकाची देणगी त्याच नावाच्या पशुपालकाची होती. पहिल्याच वर्षी गॅब्रिएल स्टेचर यांनी शलावी या अरबी घोड्यावर खोगिराविना बसून ती जिंकली. त्याच वर्षी तेथील स्वारांची देशव्यापी संस्थाही स्थापन झाली.

पुढे हा खेळ आंतरराष्ट्रीय झाला. १९८६ साली रोम येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. प्रतिष्ठेबरोबर पैसा आला, सपाट वाळवंटी मार्गांवर वेग अतोनात वाढला, आणि जुना प्रश्न नव्या वेषात पुढे उभा राहिला. घोड्यांच्या हालअपेष्टांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला काही काळ निलंबित केले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रायन येथे जागतिक स्पर्धेच्या वेळी आरंभालाच काही स्वारांना चुकीचा मार्ग दाखविला गेला, दौड थांबवून अंतर कमी करून पुन्हा सुरू करावी लागली, आणि अखेर उष्मा व दमट हवेमुळे ती मध्येच रद्द झाली. एक घोडा पुढे वाचू शकला नाही. साधनांची तेथे वाण नव्हती. वळणावर योग्य माणूस उभा असणे, हवा पाहून दौड वेळीच आवरणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींत व्यवस्था कमी पडली. लहान गावातील संस्था ज्या कामात वर्षानुवर्षे झिजते, त्या कामाची किंमत अशा वेळी कळते.

लहान संस्थांचे दिवसही सुखाचे नाहीत. २००८ साली वणव्यांमुळे टेव्हिसची दौड रद्द करावी लागली. २०२२ च्या वणव्यात तिच्या वाटेचा मोठा भाग होरपळला आणि दरीवरचा झुलता पूलही जळून गेला. अशा प्रसंगी कुऱ्हाडी-फावडी घेऊन वाट पुन्हा उभी करायला जे येतात, त्यांची नावे कोणत्याही चषकावर कोरली जात नाहीत.

मात्र त्यांच्या नोंदवह्यांत एक निराळेच वैभव साठत असते. प्रत्येक घोड्याने आयुष्यभरात तोडलेले मैल अमेरिकन संस्था लिहून ठेवते. एकाच स्वाराने एकाच घोड्यावर दहा वेगवेगळ्या वर्षांत पन्नास किंवा अधिक मैलांची दौड पुरी केली, तर त्या जोडीचा खास गौरव होतो. एका दिवसाच्या वेगापेक्षा दहा वर्षांची सोबत मोठी मानणारा हा मान आहे. पंचवीस घोड्यांमागे नालबंद आणि पखालजी मोजणाऱ्या पागेला तो सहज उमगला असता. ऑबर्नच्या मैदानात आजही पहिला घोडा रात्री पोहोचतो आणि शेवटचा पहाटे, तेविसावा तास उलटून गेल्यावर. तोवर वेळ लिहिणारे जागे असतात आणि पशुवैद्य उभे असतात. घोडा धडधाकट असेल तर त्या शेवटच्या स्वाराला मिळणारे बक्कल पहिल्याच्या बक्कलासारखेच असते.